पन्नास टक्क्यांचं कोडं आणि टॉवेलाची गाठ

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि महिना संपायच्या आत आणखी २५ टक्के आयात कर लावला. त्याच दिवसांत मी सोलापूरच्या अक्कलकोट रोडवर एका ओळखीच्या टॉवेल कारखानदाराकडे बसलो होतो. पलीकडे मागांचा खडखडाट चालू, त्यामुळे बोलायचं ते ओरडूनच. ते म्हणाले, "सर, मला एवढंच सांगा. तेल घेतलं रिफायनऱ्यांनी. विकलं रशियानं. लढाई चाललीय युक्रेनमध्ये. राग आला अमेरिकेला. ह्यात माझ्या टॉवेलानं काय केलं?"

प्रश्न इतका बिनतोड होता की मी निमूट चहा संपवला आणि "लिहितो काहीतरी" म्हणून उठलो.

दुसऱ्या २५ टक्क्यांचं कारण अमेरिकेने खरंच तेच दिलं होतं: भारत रशियाकडून तेल घेतो. म्हणजे टॉवेल, तेल आणि तोफा एकाच दोरीत बांधलेल्या. ही दोरी आपोआप गुंतत गेली असं आपल्याला वाटतं, पण तिचे बरेच पेड कुणी ना कुणी मुद्दाम वळलेले आहेत. वळणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. लढाया थांबाव्यात म्हणून त्यांनी हा उद्योग केला. त्यांच्या विचाराला आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात 'उदारमतवाद' म्हणतात. टॉवेलाचा प्रश्न सोडवायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

नावाचा घोळ आधी मिटवू

उदारमतवाद म्हटलं की कुणाला वाटतं, मोठ्या मनाने दुसऱ्या देशांना माफ करत सुटायचं. कुणाला टीव्हीवरच्या भांडणातले 'लिबरल' आठवतात. कुणाला १९९१ चं उदारीकरण. आपल्याकडे रानडे-गोखल्यांना मवाळ म्हणायचे, ते त्यातल्या त्यात जवळचे नातेवाईक. कायदा, संस्था आणि टप्प्याटप्प्याने सुधारणा यांवर त्यांचा विश्वास होता.

या लेखापुरता उदारमतवाद म्हणजे देशादेशांतल्या वागण्याकडे बघण्याची एक रीत. व्यापार, सामायिक नियम आणि जनतेला उत्तर देणारी सरकारं असली की देशांना भांडण्यापेक्षा जमवून घेणं परवडतं, असं ती सांगते. देश चांगले असतात, असा तिचा दावा नाही. परवडणं हा यातला महत्त्वाचा शब्द, आणि तो सोलापूरच्या माणसाला शिकवायची गरज नाही.

पण पोलीसच नाही, त्याचं काय?

हा सगळ्यात जुना आक्षेप आहे. तो घेणाऱ्या पंथाने स्वतःचं नाव 'वास्तववाद' ठेवून घेतलंय, म्हणजे वाद सुरू व्हायच्या आधीच अर्धी बाजी मारलेली. त्यांचं म्हणणं सरळ आहे: बळी तो कान पिळी.

भीमेच्या पाण्यावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक भांडले, तर वर लवाद आहे, सर्वोच्च न्यायालय आहे. निकाल आवडो न आवडो, उजनीच्या गेटवर फौजा येत नाहीत. भारत आणि चीन भांडले तर वर कोण? कुणीच नाही. वर कुणी नसण्याच्या या अवस्थेला अभ्यासक 'अराजक' म्हणतात. दंगल, जाळपोळ असा अर्थ इथे घ्यायचा नाही. वरचा मजला रिकामा आहे, एवढंच.

वरचा मजला रिकामा असला की काय होतं, ते आपल्या गल्लीतल्या बोअरवरून कळतं. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी. शेजाऱ्याने तीनशे फूट बोअर घेतला. त्याच्या मनात तुमच्याविषयी काही वाईट नव्हतं. पण तुमच्या बोअरचं पाणी खाली गेलं, म्हणून तुम्ही चारशे फूट गेलात. मग तो पाचशे. शेवटी दोघांचेही पैसे जमिनीत आणि पाणी आणखी खाली. शस्त्रांचंही असंच होतं. मी स्वतःच्या रक्षणासाठी घेतलेली तोफ शेजाऱ्याला हल्ल्याची तयारी वाटते.

यातलं काहीही उदारमतवादी नाकारत नाही, हे ध्यानात घ्या. वरचा मजला रिकामा आहे, हे त्यालाही मान्य. त्याचं उत्तर एवढंच असतं की पोलीस नसलेल्या जागीसुद्धा माणसं रोज व्यवहार करतात, आणि बहुतेक वेळा नीट करतात.

भिशी कशी चालते?

कुठल्याही गल्लीतली बायकांची भिशी घ्या. बारा जणी, महिन्याला ठरलेली रक्कम, दर महिन्याला एकीला सगळी गड्डी. कागद नाही, कोर्ट नाही, पोलिसात जायची सोय नाही. पहिल्याच महिन्यात जिने उचलली, तिने पुढचे हप्ते का भरावेत? निव्वळ हिशेबाने बघितलं तर पैसे घेऊन गप्प बसणं तिच्या फायद्याचं.

तरी ती भरते. कारण ती त्याच गल्लीत राहणार आहे. पुढच्या वर्षीही भिशी लागणार आहे. कुणी भरले, कुणी नाही, हे सगळ्यांना दिसतं. आणि पोरीचं लग्न काढायचं झालं तर याच अकरा घरांत आपल्याबद्दल विचारलं जाणार आहे. धाक पोलिसाचा नसतो, पुढच्या महिन्याचा असतो.

१९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने हेच कॉम्प्युटरवर तपासलं. दोघांनी पुन्हा पुन्हा व्यवहार करायचा, दर वेळी सहकार्य करायचं की दगा द्यायचा ते ठरवायचं, अशी ती स्पर्धा. तज्ज्ञांनी एकाहून एक चतुर प्रोग्राम पाठवले. जिंकला तो सगळ्यात छोटा: पहिल्यांदा सहकार्य कर, मग समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच तू कर. आपण याला 'जशास तसे' म्हणतो. पण त्यातली पहिली पायरी आपण नेहमी विसरतो. तो प्रोग्राम आपणहून कधीच पहिला दगा देत नव्हता.

देशांच्या जुन्या भिशींपैकी एक म्हणजे टपालाची. १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देशांनी ठरवलं की एकमेकांची पत्रं एकमेकांनी पोचवायची. त्याआधी दर देशाशी वेगळा करार आणि वेगळा दर. भारत १८७६ मध्ये त्यात आला. आज १९२ सदस्य आहेत. तुम्ही इथल्या पोस्टात तिकीट लावून पाकीट टाकता आणि तिकडे ब्राझीलमध्ये, ज्याने तुमचा चेहराही पाहिलेला नाही असा पोस्टमन ते दारात नेऊन देतो. त्या पोस्टमनला कुठल्या फौजेची भीती नाही. ब्राझीलचीही पत्रं सोलापुरात यायची असतात, एवढंच कारण.

तुम्ही म्हणाल, पत्रांचं ठीक आहे, शत्रूंमध्ये असं काही टिकतं का? टिकलेलं एक उदाहरण आपल्याच घरचं आहे. सिंधू जल करार १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत झाला. नेहरू आणि अयुब खान यांच्या सह्या, मध्यस्थ जागतिक बँक. पूर्वेकडच्या तीन नद्या मुख्यतः भारताला, पश्चिमेकडच्या तीन मुख्यतः पाकिस्तानला. त्यानंतर १९६५ झालं, १९७१ झालं, कारगिल झालं. करार चालू राहिला. दोन्हीकडचे आयुक्त आकडेवारी देत-घेत राहिले. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला.

यावरून वास्तववादी म्हणेल, बघा, शेवटी मोडलाच की! उदारमतवादी म्हणेल, साठ-पासष्ट वर्षं तीन लढायांतून तगला, याचं कारण तुमच्याकडे आहे का? मला दुसरा प्रश्न जास्त अवघड वाटतो. पण पहिला खोटा आहे असं म्हणायची माझी तयारी नाही.

रुमालाखालचा सौदा

हा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने, १७९५ मध्ये. कायमची शांतता हवी तर तीन गोष्टी लागतील, असं तो म्हणाला: राजाच्या लहरीवर न चालणारी, लोकांना उत्तर देणारी सरकारं, स्वतंत्र देशांचा संघ, आणि परक्या माणसाला आपल्या देशात शत्रू न समजता येऊ देण्याचा नियम. पहिल्याचं कारण त्याने अगदी घरगुती दिलंय. लढाईचा खर्च आणि जखमा ज्याच्या अंगावर पडणार त्याला विचारलं, तर तो हो म्हणण्यापूर्वी दहादा विचार करेल. राजाला मात्र मेजवानी आणि शिकार चुकत नाही.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षात, जानेवारी १९१८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १४ मुद्दे मांडले. पहिलाच मुद्दा असा की देशादेशांतले करार उघडपणे व्हावेत, गुपचूप नकोत. जनावरांच्या बाजारात पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांचे हात रुमालाच्या आत, बोटांवर भाव, आणि ज्याचा बैल त्यालाच कळायचं नाही की दलालांनी आपसांत काय ठरवलं. मार्केट यार्डात उघड लिलाव सुरू झाला तो याच दुखण्यावर उपाय म्हणून. विल्सन यांना देशांचा उघड लिलाव हवा होता. युरोपातल्या राजांनी आणि मंत्र्यांनी रुमालाखाली एकमेकांना जी वचनं देऊन ठेवली होती, त्यांनीच १९१४ मध्ये एकामागोमाग एक देश लढाईत ओढला, असं त्यांचं निदान.

१९२० मध्ये राष्ट्रसंघ निघाला. विल्सन यांच्याच देशाच्या सेनेटने त्यात जायला नकार दिला. भिशी सुचवणारीच बाई पहिल्या महिन्याला आली नाही, तर पुढचं काय होणार? १९३९ पर्यंत सगळं संपलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र लोकांनी ही भाबडी वाटणारी कल्पना फेकून न देता तिला दात बसवले. १९४४ ला अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्समध्ये ४४ देशांनी पैशाचे नियम केले, १९४५ ला ५१ देशांनी संयुक्त राष्ट्रसंघ काढला, १९४७ ला २३ देशांनी व्यापाराचा 'गॅट' करार केला. त्या २३ मध्ये भारत होता. १९९५ मध्ये त्यातूनच जागतिक व्यापार संघटना निघाली.

कोळसा आणि पोलाद

या सगळ्यांत मला सर्वांत पटणारा प्रयोग फ्रान्स आणि जर्मनीचा. सत्तर वर्षांत हे दोघे तीन वेळा लढले: १८७०, १९१४, १९३९. मे १९५० मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी एक अजब प्रस्ताव ठेवला. दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामायिक मंडळाच्या ताब्यात द्या.

कोळसा आणि पोलादच का? तोफ, रणगाडा आणि रेल्वे त्यांतूनच बनते म्हणून. दोन भावांची शेतीवरून मारामारी होत असेल, तर विहीर सामायिक करा आणि मोटारीची किल्ली तिसऱ्याकडे द्या. मग एकाने गुपचूप पाणी तोडायचं ठरवलं तरी दुसऱ्याला लगेच कळतं. युद्ध नकोसं वाटावं यावर शूमान समाधानी नव्हते; ते करताच येऊ नये अशी त्यांची योजना होती. १९५१ मध्ये सहा देशांनी सही केली. आजचा युरोपीय संघ त्या कोळशाच्या खाणीतून निघालाय. त्यानंतर फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांवर गोळी झाडतील ही कल्पनाच हास्यास्पद झाली.

प्रेमाचा याच्याशी फारसा संबंध नव्हता. प्रेमाचं उदाहरण हवं तर आपल्याकडे आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. चीनमध्ये आजही त्यांचं नाव आदराने घेतात, इथे त्यांच्या घराचं स्मारक झालंय. तरी १९६२ झालं, तरी २०२० मध्ये गलवान झालं. कोटणीसांचं मोठेपण त्याने कमी होत नाही. पण दोन देशांत सामायिक विहीर नसली, तर एका माणसाच्या पुण्याईवर शांतता उभी राहत नाही.

बरं, १९१४ मध्ये व्यापार नव्हता का?

होता, आणि भरपूर होता. ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांची मोठी गिऱ्हाइकं होती. त्या आधी चार-पाच वर्षं नॉर्मन एंजेल या इंग्रज पत्रकाराने लिहिलं होतं की आता युद्ध जिंकणाऱ्यालाही परवडणार नाही. मग युद्ध झालं, आणि लोक आजतागायत त्याला हसतात. खरं तर त्याने युद्ध होणारच नाही असं म्हटलं नव्हतं, जिंकून काही मिळणार नाही असं म्हटलं होतं. चार वर्षांनंतर जिंकलेले देशही कर्जात बुडालेले पाहिले तर त्याचा हिशेब चुकला असं कसं म्हणायचं? १९३३ चं शांततेचं नोबेल त्याला मिळालं.

पण आक्षेपात दम आहे. परवडत नाही हे कळूनही माणसं लढतात. भाऊबंदकीत दोन एकरांसाठी चार एकर वकिलाला घालणारी घरं आपल्या जिल्ह्यात कमी आहेत का? व्यापाराने भांडण महाग होतं. अशक्य होत नाही.

आणि रशियाचं काय?

इथे सिद्धांताची जास्त कोंडी होते. २०२१ मध्ये युरोपीय संघ बाहेरून घेत असलेल्या गॅसपैकी ४० टक्क्यांहून जास्त रशियाचा होता. व्यापार वाढवा, रशिया निवळेल, हे जर्मनीचं कित्येक वर्षांचं धोरण. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीने हल्ला केला आणि गॅसची तोटी हेच हत्यार केलं.

उदारमतवाद्यांचं उत्तर असं की कांटने तीन पेड सांगितले होते आणि तुम्ही एकच वळलात. रशियात लोकांना उत्तर देणारं सरकार नव्हतं. खर्च ज्यांच्या अंगावर पडणार त्यांना कुणी विचारलं नाही. हे उत्तर मला निम्मं पटतं. उरलेल्या निम्म्यासाठी 'परस्परावलंबन' हा जड शब्द एकदा वापरावा लागेल. अर्थ सोपा: तुझं माझ्यावाचून अडतं, माझं तुझ्यावाचून.

रॉबर्ट कोहेन आणि जोसेफ नाय या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९७७ मध्ये त्यातली मेख दाखवली. अडणं दोघांचं असलं तरी सारखं नसतं. सूत व्यापारी आणि मागवाला यांचंच बघा. दोघांना एकमेकांची गरज आहे. पण उद्या फाटलं तर व्यापारी दुसऱ्या दहा मागवाल्यांना सूत देईल. मागवाल्याला मात्र उधारीवर सूत देणारा दुसरा व्यापारी शोधता शोधता महिना जाईल, आणि त्या महिन्यात माग बंद. दोरी दोघांच्या कमरेला असते, पण ज्याच्याकडे जास्त लांब टोक तो दुसऱ्याला ओढतो.

आता टॉवेलाकडे वळू. अमेरिकेला टॉवेल विकणारे बरेच आहेत. आपल्याला अमेरिकेएवढं गिऱ्हाईक एकच आहे. रशियाने तेल विकू नये म्हणून भारताला चिमटा काढायचा, तर तो जिथे लवकर लागेल तिथेच काढणार. माग थांबला की बोंब लवकर उठते. शांततेसाठी वळलेल्या दोरीने गळाही आवळता येतो, हे ती वळणाऱ्यांनी पुरेसं ध्यानात घेतलं नव्हतं.

मग 'अमेरिका' म्हणजे कोण?

कारखानदारांनी "राग आला अमेरिकेला" म्हटलं होतं. वास्तववादीही असंच बोलतो, जणू देश म्हणजे एकच माणूस. उदारमतवाद इथे थांबून विचारतो: अमेरिकेतल्या कुणाला? अँड्र्यू मोराव्हसिक या अभ्यासकाने १९९७ मध्ये यावरच सगळा भर दिला. देशाला काय हवंय हे आतले गट ठरवतात: कारखानदार, कामगार, शेतकरी, गिऱ्हाईक. ज्याचा आवाज मोठा, त्याची इच्छा 'देशाची इच्छा' म्हणून बाहेर येते.

आयात कराचा फायदा थोड्यांना होतो, पण भरपूर होतो. तोटा सगळ्यांना होतो, पण थोडा थोडा. थोडे लोक संघटित होऊन नेत्याच्या दारात बसतात. टॉवेल दीड डॉलरने महागला म्हणून अमेरिकेतली कुठली बाई मोर्चा काढणार?

हे परक्यांबद्दल बोलताना सोपं वाटतं. म्हणून घरचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या सरकारने कांदा निर्यात बंद केली. ती उठली मे २०२४ मध्ये. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त हवा होता आणि निवडणूक तोंडावर होती. सोलापूरच्या मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लावून बसलेल्या शेतकऱ्याला काय वाटलं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण ढाक्यातल्या एखाद्या खानावळवाल्यानेही तेव्हा हाच प्रश्न विचारला असणार: दिल्लीतल्या महागाईशी माझ्या कांद्याचा काय संबंध? आमच्या टॉवेलाचा प्रश्न विचारताना त्याचा प्रश्न आपल्याला आठवत नाही.

लोकशाही देश तर सर्रास लढतात की!

लढतात. इराकवर २००३ मध्ये कोण गेलं होतं? सिद्धांताचा दावा त्याहून अरुंद आहे. मायकल डॉइल या अभ्यासकाने १९८३ मध्ये दाखवलं की पक्की लोकशाही असलेले दोन देश एकमेकांशी जवळपास कधीच लढलेले नाहीत. लोकशाही विरुद्ध हुकूमशाही, हे होत राहतं. कारगिलच्या वेळी दोन्हीकडे निवडून आलेली सरकारं होती, म्हणून ते उदाहरण अभ्यासक अजून चघळतात. पण पाकिस्तानात लष्कराचा लगाम कुणाच्या हाती होता, हा प्रश्न त्यातच येतो. आणि आयात कराची भांडणं या दाव्यात बसतच नाहीत. दोन लोकशाह्या एकमेकांचा टॉवेल अडवू शकतात, खुशाल.

नियम श्रीमंतांनीच केले, हे खोटं आहे का?

खोटं नाही. मला विचाराल तर हाच आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो सोलापूरने अंगावर सोसलाय.

१९४५ चे पाच मानकरी सुरक्षा परिषदेत नकाराधिकार घेऊन अजून बसलेत, ते सगळ्यांना माहीत आहे. कापडाची गोष्ट कमी जणांना माहीत असते. गॅटचा मूळ नियम होता की आयातीवर संख्येची मर्यादा घालू नये. पण १९७४ पासून श्रीमंत देशांनी कापडापुरता वेगळा करार केला, 'मल्टि-फायबर' नावाचा. कुठल्या देशाने किती कापड, किती कपडे, किती सुती टॉवेल पाठवायचे, याचा कोटा. स्वस्त आणि चांगला माल बनवू शकणाऱ्या देशालाच कोटा लागायचा. ज्या देशांनी मुक्त व्यापाराचं पुराण सांगितलं, त्यांनीच आपल्या गिरण्या वाचवायला ते गुंडाळून ठेवलं. तीस वर्षं हे चाललं.

आणि तरीही ते संपलं. १ जानेवारी २००५ ला कोटे गेले. कारण १९९५ च्या कराराच्या वेळी भारतासारख्या देशांनी वाटाघाटीचं तेच टेबल आणि त्याच श्रीमंतांचं मुक्त व्यापाराचं वचन पुढे केलं. श्रीमंत देशांना औषधांच्या पेटंटपासून सेवाक्षेत्रापर्यंत बरंच काही हवं होतं, आणि त्या बदल्यात कापड सोडावं लागलं. सौदा चांगला झाला की वाईट, यावर भांडता येईल. पेटंटच्या बाबतीत आपण बरंच गमावलं, असं माझं मत. पण टेबलच नसतं तर कोटा उठवायला कुठे जाणार होतो?

नियम दुधारी असतात. युरोपीय संघाने २०१४ पासून पाकिस्तानला करमुक्त प्रवेशाची सवलत दिली. अट अशी की मानवी हक्क, कामगार, पर्यावरण अशा विषयांवरचे २७ आंतरराष्ट्रीय करार पाळायचे. म्हणजे कराचीचा टॉवेल युरोपात बिनकराचा, सोलापूरचा कर भरून. उदारमतवादी म्हणेल, व्यापाराच्या आमिषाने एका देशाचे कायदे सुधारतायत. आमचे कारखानदार म्हणतील, सुधारणा त्यांची, भुर्दंड माझा. दोघेही बरोबर आहेत.

आता भिशी मोडली का?

जागतिक व्यापार संघटनेत तक्रार ऐकणारं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडल्यासारखं आहे. नवे सदस्य नेमायला अमेरिका संमती देत नाही. म्हणजे कराविरुद्ध दाद मागायला गेलं, तरी वरच्या कोर्टात खुर्च्या रिकाम्या. आठ दशकं भिशी चालवणारी बाईच हात आखडता घेतेय. यावरून खेळ संपला असं अनेक जण म्हणतात. कदाचित त्यांचंच बरोबर ठरेल. पण भिशी चालवणारी उठून गेली म्हणून बाकीच्या अकरा जणी गप्प बसतातच असं नाही. जुलै २०२५ मध्ये, म्हणजे पन्नास टक्क्यांच्या महिनाभर आधी, भारत आणि ब्रिटनने व्यापार करारावर सह्या केल्या होत्या.

आणि टपालाचं काय झालं? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने स्वस्त पार्सलांना असलेली करमाफी काढली. कर कोण गोळा करणार, कसा भरणार, हे ठरलेलंच नव्हतं, तेव्हा भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं. १८७४ ची ती भिशीसुद्धा त्या वादळात अडकली.

हे सगळं सांगायला मी पुन्हा अक्कलकोट रोडला गेलो. ते अर्ध्या तासात तीनदा फोनवर बोलले, बाकी वेळ ऐकत होते. कोहेन-नाय आणि लांब टोकाची गोष्ट त्यांना आवडली. "हे तर आम्हाला बापानं सांगितलंय," म्हणाले, "एका बायरवर राहायचं नाही. ऐकतंय कोण? मोठी ऑर्डर आली की सगळं विसरतो." मग त्यांनी ड्रॉवरमधून एक पार्सल काढलं. आत तीन टॉवेल, नमुन्याचे, वेगवेगळ्या वजनाचे. अमेरिकेतल्या एका छोट्या दुकानाने मागितले होते. कुरियर परवडत नाही, म्हणून ऑगस्टपासून ड्रॉवरमध्येच पडून होते. टपाल खात्याने १५ ऑक्टोबरला अमेरिकेची सेवा पुन्हा सुरू केली होती, कर इथेच आगाऊ भरून घ्यायची व्यवस्था लावून.

"पन्नास टक्के आपणच भरायचे?" मी विचारलं.

"नमुना आहे सर," ते म्हणाले आणि पोराला हाक मारली, "पोस्ट बंद व्हायच्या आत जा रे."